फोच्या वाडग्यातली फाळणी

व्हिएतनामी हॉटेल जगात कुठेही नव्याने उघडो, फो, म्हणजे तांदळाच्या शेवयांचं सूप, मागवला की बहुधा वाडग्यासोबत एक ताटही येतं. त्यात मुगाचे लांब मोड, तुळशीच्या काड्या, लिंबाची फोड आणि मिरचीचे काप असतात. शेजारी गोडसर काळा सॉस आणि लाल मिरचीच्या सॉसची बाटली. नवख्या गिऱ्हाइकाला वाटतं, हीच अस्सल व्हिएतनामी रीत. हनोईच्या जुन्या खवय्याला मात्र हे ताट मुळीच पटत नाही. फोमध्ये पातीचा कांदा, थोडी कोथिंबीर, फार तर व्हिनेगरात मुरलेला लसूण. बाकी सगळं सुपाची चव मारतं, असं त्याचं म्हणणं. खरं तर दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. त्यांच्यामध्ये १९५४ साल आहे.

फो हा काही प्राचीन पदार्थ नव्हे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उत्तर व्हिएतनाममध्ये, हनोई आणि नाम दिन्ह या भागात त्याने आकार घेतला. भातशेतीच्या त्या देशात गुरं नांगरासाठी पाळली जात. खाण्यासाठी ती कापण्याची चाल फारशी नव्हती. फ्रेंच आले, त्यांना गोमांस हवं होतं, आणि खाटकांकडे हाडं उरू लागली. ती स्वस्तात घेऊन तासन्‌तास उकळायची ही अक्कल फेरीवाल्यांची. नाम दिन्हमध्ये फ्रेंच काळातली मोठी कापडगिरणी होती, म्हणजे कामगारांची भुकेली गर्दी होती. जवळच्या वान कू गावातल्या अनेक कुटुंबांनी फो विकणं हाच पिढीजात धंदा केला आणि तो हनोईला नेला.

त्यांचं अख्खं दुकान एका कावडीत मावायचं. एका बाजूला पेटती चूल आणि तिच्यावर सुपाचं भांडं; दुसऱ्या बाजूच्या पेटीत तांदळाच्या शेवया, मांस, वाडगे, पातीचा कांदा. गिऱ्हाइकाने हाक मारली की कावड जमिनीवर टेकायची. शेवया गरम पाण्यात बुडवून काढायच्या, त्यांवर मांसाचे पातळ काप पसरायचे आणि वरून उकळतं सूप ओतायचं. या सुपासाठी आलं आणि कांदा आधी विस्तवावर साल काळी पडेपर्यंत भाजून घेतात. मग चक्रफूल, दालचिनी, मसाला वेलची. गोड्या मसाल्याच्या डब्यातलीच ही मंडळी. भारतात येणाऱ्या चक्रफुलाचा मोठा वाटा आजही व्हिएतनामचा असतो.

जिनिव्हा करारानंतर १९५४ साली सतराव्या अक्षांशावर देशाचे दोन तुकडे झाले. आठ ते दहा लाख माणसं उत्तर सोडून दक्षिणेत गेली, आणि सायगावात फोची दुकानं गल्लोगल्ली दिसू लागली. तिकडे मेकाँगच्या मळ्यांतला हिरवा पाला मुबलक, जिभेला गोडाची सवय. मोड, तुळस, काळा सॉस हे सगळं तिथे वाडग्याला येऊन मिळालं. उत्तरेत उलट घडलं. दुकानं सरकारी झाली, मांसाची टंचाई आली. युद्धाच्या काळात आकाशात अमेरिकेची विनावैमानिक टेहळणी विमानं फिरत होती. त्यावरून हनोईकरांनी मांसाविना मिळणाऱ्या वाडग्याला ‘विनावैमानिक फो’ म्हणायला सुरुवात केली. लेखक न्गुयेन तुआन यांनी १९५७ साली फोवर एक सबंध निबंध लिहिला होता, इतका त्या शहराचा या पदार्थात जीव.

याच युद्धाच्या काळात दक्षिणेत, सायगावातल्या येन दो रस्त्यावर ७ क्रमांकाच्या घरात ‘फो बिन्ह’ नावाचं साधंसं दुकान होतं. बिन्ह म्हणजे शांतता. मालक न्गो तोआइ. खाली अमेरिकन सैनिक फो खात बसत आणि वरच्या खोलीत उत्तरेच्या बाजूचे बंडखोर त्यांच्याच विरुद्धच्या मोठ्या हल्ल्याची आखणी करत. १९६८च्या तेत या नववर्षाच्या सणातल्या सायगावावरच्या हल्ल्याची सूत्रं इथून हलली. हल्ला सुरू झाल्यावर दुकानावर धाड पडली, न्गो तोआइ पकडले गेले. ती वरची खोली पुढे स्मारक म्हणून जपली गेली. गिऱ्हाइकाला शंका येऊ नये म्हणून खालचा फो रोज तितकाच चांगला करावा लागत असणार. त्या माणसाच्या धीराचा विचार करताना हेही लक्षात घ्यायला हवं.

३० एप्रिल १९७५ रोजी सायगाव पडलं आणि दक्षिणेतली माणसं पुन्हा उठली. अनेकांना अमेरिकेत पहिला आसरा मिळाला तो कॅलिफोर्नियातल्या कँप पेंडलटन या लष्करी तळावर. तिथून जवळच्या वेस्टमिन्स्टरमध्ये बोल्सा अॅव्हेन्यूवर त्यांनी दुकानं थाटली. १९८८ साली त्या वस्तीला ‘लिटल सायगाव’ हे नाव अधिकृतपणे मिळालं. ही माणसं दक्षिणेची, म्हणून जगभर पसरलं ते दक्षिणेचं ताट. त्या ताटाशेजारची लाल बाटली तर सायगावचीही नाही. डेव्हिड ट्रॅन १९७८ साली ‘हुई फाँग’ या मालवाहू जहाजातून निर्वासित म्हणून बाहेर पडले. १९८० साली लॉस एंजलिसमध्ये मिरचीचा सॉस करू लागले, तेव्हा त्यांनी कंपनीला त्या जहाजाचंच नाव दिलं. बाटलीवरचा कोंबडा हे तिकडच्या पंचांगातलं त्यांच्या जन्मवर्षाचं चिन्ह.

या ताटाला आणि बाटलीला बेगडी म्हणून हिणवणं अन्यायाचं आहे. शेजारच्या गार्डन ग्रोव्हमध्ये १९८२ साली सुरू झालेल्या ‘फो ७९’ला २०१९ साली अमेरिकेतला मानाचा जेम्स बिअर्ड पुरस्कार मिळाला. आणि खुद्द उत्तरेतही फो एकच नाही: ऑगस्ट २०२४ मध्ये व्हिएतनाम सरकारने हनोईचा फो आणि नाम दिन्हचा फो, दोन्ही राष्ट्रीय सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले, तेही दोन वेगवेगळ्या नोंदी करून.