परवचा घेणारें यंत्र

१९६४ सालच्या मे महिन्याच्या पहिल्या तारखेस, पहांटे चारच्या सुमारास, अमेरिकेंतील डार्टमथ कॉलेजांत ‘बेसिक’ या नव्या संगणकभाषेंत लिहिलेली आज्ञावली प्रथम चालली. जॉन केमेनी व टॉमस कर्ट्झ हे तेथील दोन गणिताध्यापक या भाषेचे जनक. केमेनी हे एके काळीं आइन्स्टाइनचे गणितसाहाय्यक होते. तथापि ही भाषा त्यांनीं पंडितांसाठीं रचिली नव्हती. साहित्य किंवा इतिहास शिकणाऱ्या विद्यार्थ्यासही थोडक्या पाठांनंतर यंत्राकडून काम करून घेतां यावें, हा त्या दोघांचा हेतु होता.

अशा नवशिक्यानें प्रथम काय लिहावें? तोंडी हिशेबांचा सराव घेणारी आज्ञावली, हें या प्रश्नाचें एक टिकाऊ उत्तर ठरलें आहे. यंत्रानें ‘सात नवे किती?’ असें विचारावें, मुलानें ‘६३’ हें उत्तर द्यावें, आणि यंत्रानें शाबासकी तरी द्यावी नाहीं तर पुन्हां विचारावें. संध्याकाळचा परवचाच म्हणा ना! मौज अशी कीं, मूळच्या बेसिकला एवढेंही साधण्यासारखें नव्हतें. यदृच्छेनें संख्या निवडण्यास ‘आर्‌एन्‌डी’ होतें, उत्तर ताडून पाहण्यास ‘इफ्’ होतें. पण मध्येंच थांबून माणसाचें म्हणणें ऐकून घेण्याची आज्ञाच नव्हती. सारी सामग्री आधींच लिहून द्यावी लागे. ‘इन्‌पुट’ ही आज्ञा १९६६ च्या तिसऱ्या आवृत्तींत आली, आणि तेव्हां कोठें यंत्र उत्तराची वाट पाहूं लागलें. शिवाय ‘आर्‌एन्‌डी’ दर खेपेस त्याच संख्या त्याच क्रमानें देई. चुका शोधणाऱ्यास तें सोयीचें. परंतु चलाख मूल अशानें गुणाकार सोडून उत्तरांची रांगच पाठ करील. ‘रँडमाइझ’ या आज्ञेनें पुढें ती अडचण दूर झाली.

१९६५ सालीं स्टॅनफर्ड येथील पॅट्रिक सपीझ यांनीं चौथीच्या मुलांना, टेलिफोनच्या तारेनें संगणकास जोडलेल्या टंकयंत्रावर, रोज अंकगणिताचा सराव दिला. तेथें आज्ञावली तज्ज्ञांची. मुलांकडे काम उत्तर देण्याचें. सीमूर पेपर्ट यांनीं १९८० च्या ‘माइंडस्टॉर्म्स’ या ग्रंथांत नेमका याच रीतीवर आक्षेप घेतला. संगणकानें मुलाला चालवावें, यापेक्षां मुलानें संगणकाला चालवावें, असें त्यांचें मत होतें.

त्या मताचा प्रत्यय भागाकाराशीं येतो. दोन संख्या वाटेल तशा उचलल्या तर ‘१७ भागिले ५’ असा प्रश्न निघतो. यंत्र ३.४ धरून बसतें. मूल ‘तीन, बाकी दोन’ असें बरोबर सांगूनही चुकीचें ठरतें. तेव्हां लिहिणाऱ्यास उलट्या बाजूनें निघावें लागतें: आधीं भाजक व भागाकार निवडावयाचे, त्यांचा गुणाकार करावयाचा, आणि तो भाज्य म्हणून पुढें मांडावयाचा. भाजक शून्य निघूं नये ही तरतूद मात्र त्यास बहुधा दुसऱ्या दिवशीं सुचते, यंत्रानें एकदां तक्रार केल्यावर.