लुगडं कुणी विणलं?

सातपूरच्या आमच्या बचत गटात मध्यंतरी गोधड्या शिवायचं काम निघालं. घरोघरची जुनी लुगडी गोळा झाली. एका मावशींनी सासूबाईंचं हिरवं लुगडं आणलं. रंग विटलेला, पण काठ अजून शाबूत. "कुठलं हो हे?" कुणीतरी विचारलं. "मालेगावचं," मावशी म्हणाल्या. त्यावर एक नवी सून पटकन बोलून गेली, "तिथं तर मुसलमान वस्ती जास्त. त्यांचा नऊवारीशी काय संबंध?"

त्या मुलीचा दोष नाही. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून आज ही गोष्ट.

गोदाघाटावरचं नारोशंकराचं देऊळ आणि त्याची मोठी घंटा आपल्याला ठाऊक आहे. त्याच नारोशंकर राजेबहादूरांनी १७४० च्या सुमारास मालेगावात मोसम नदीच्या काठी भुईकोट किल्ला बांधायला घेतला. काम बरीच वर्षं चाललं. त्यासाठी सुरतेकडून आणि उत्तरेकडून मुसलमान कारागीर आले आणि तिथंच राहिले. पुढं १८५७ च्या उठावाच्या धामधुमीत आणि १८६२ च्या दुष्काळात बनारसच्या बाजूचे मोमीन विणकर पोटासाठी दक्षिणेकडं निघाले. मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या मालेगावात त्यांनी हातमाग मांडले.

आता बघा, हे लोक बोलायचे वेगळं, खायचे-प्यायचे वेगळं. त्यांच्या घरात नऊवारी कुणीच नेसत नव्हतं. पण आजूबाजूच्या गावांत बायांना लागायचं ते लुगडंच. मग विणकरांनी आपल्या बायांची आवड शिकून घेतली. लांबी किती, काठ केवढा, पदर कसा, शेतात राबताना टिकेल असं सूत कोणतं, हे सारं त्यांनी हातात बसवलं.

आणि हे काम एकट्या पुरुषाचं नव्हतं. माग घरातच असायचा. नवरा धोटा फेकायचा, तर बायका-मुलं सूत उकलायची, कांड्या भरायची. तयार लुगडं व्यापाऱ्याच्या दुकानात जायचं, तिथून आठवड्याच्या बाजारात, आणि तिथून लग्नाच्या बस्त्यात. मोमीन घरातल्या बाईनं भरलेल्या कांडीचं सूत मराठा, माळी, कोळी, महार घरातल्या बाईच्या अंगावर आलं. दोघींनी एकमेकींना कधी पाहिलंही नसेल. तरी एकीची चूल दुसरीच्या लुगड्यावर पेटत होती.

यासाठी कुणी आपला धर्म सोडला नाही की रीत मोडली नाही. मालेगावात आजही माग शुक्रवारी बंद असतात, कारण तो नमाजाचा दिवस. एकत्र राहायचं म्हणजे एकसारखं व्हायचं, असं नाही. दुसऱ्याला काय लागतं ते ओळखायचं आणि त्याचा मान राखायचा, एवढं पुरतं.

पण सगळं गोडच होतं असं मी सांगणार नाही. त्याच मोसम नदीच्या एका अंगाला बहुतेक मुसलमान वस्ती आणि दुसऱ्या अंगाला बहुतेक हिंदू वस्ती, अशी विभागणी झाली. २००१ मध्ये तिथं दंगल झाली, माणसं मेली. ८ सप्टेंबर २००६ ला, शब-ए-बारातच्या दिवशी, शुक्रवारच्या नमाजानंतर कब्रस्तानाजवळ बॉम्बस्फोट झाले. तीसहून जास्त जीव गेले. त्या दुःखातही शहरात हिंदू-मुसलमान दंगल पेटली नाही. माथी भडकायला तेवढं निमित्त पुरलं असतं, पण लोकांनी स्वतःला आवरलं. हेही आपण लक्षात ठेवायला हवं.

काळ बदलला तसा धंदाही बदलला. हातमाग जाऊन यंत्रमाग आले. आपण पाचवारी नेसू लागलो, मुली ड्रेस घालू लागल्या. मालेगावचे माग आता बहुतेक कोरं कापड विणतात. ते रंगायला आणि विकायला लांब जातं. कोणाच्या अंगावर काय जाणार, हे विणणाऱ्याला कळत नाही. कापड कुणी विणलं, हे नेसणारीला कळत नाही. जुना व्यवहार सुटला, आणि ओळखही पुसट झाली. म्हणूनच त्या सुनेला तसा प्रश्न पडला.

मग ओळख टिकवायची कशी? व्यवहारानं जे आपोआप होत होतं, ते आता आपल्याला ठरवून करावं लागेल. सातपूरला कारखाने आले तशी कुठकुठली माणसं इथं राहायला आली. एकाच चाळीत अजान ऐकू येते आणि काकड आरतीही. आपल्या गटात शेजारची मुसलमान बहीण आहे का, ते बघा. नसेल तर तिला बोलवा. रमजानमध्ये बैठक रोजा सोडायच्या वेळेला ठेवू नका. एकादशीला ती आपल्यासाठी खिचडीचा विचार करेल. कर्जाचा हप्ता, मुलांची फी, पाण्याचा नळ, ही दुखणी दोघींची एकच आहेत.

त्या दिवशी ती सून थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मावशी, हा काठ कापू नका. गोधडीला वरच्या बाजूनं लावू." तसाच लावलाय.