वणवा आणि जमिनीचे दफ्तर : पोर्तुगालमधील एक प्रयोग

पोर्तुगालच्या पेद्रोगांव ग्रांद परिसरात १७ जून २०१७ रोजी लागलेल्या वणव्यात ६६ माणसे मृत्युमुखी पडली. ऑक्टोबरमधील वणव्यांनंतर त्या वर्षातील मृतांची संख्या शंभरावर गेली. उष्णता, वारा, पाइन व निलगिरीची दाट लागवड ही कारणे सर्वश्रुत आहेत. प्रस्तुत टिपणात विचार करावयाचा आहे तो जमिनीच्या दफ्तराचा.

रानातील घरांभोवती ५० मीटरपर्यंत साफसफाई करण्याचे बंधन २००६ च्या कायद्यानेच घातले होते. परंतु ते पाळावयाचे कोणी? बहुतेक वनभूमी खाजगी मालकीची. उत्तर व मध्य भागांत तिचे बारीक तुकडे झालेले. १८६७ च्या दिवाणी संहितेने वारसांचा वाटा राखून ठेवला. हीच संहिता १८७० पासून गोमंतकातही लागू झाल्याने तेथील वाचकांस या वाटण्या अपरिचित नाहीत. पुढे १९६० नंतर असंख्य कुटुंबे फ्रान्सला गेली. वारस परदेशी, वाटणी तोंडी, आणि नोटीस बजावावयाची तर नावच सापडेना.

येथे एक शब्दभेद ध्यानात घेतला पाहिजे. 'मात्रिझ' ही करवसुलीची वही, 'रेजिश्तु' ही हक्कांची नोंद, आणि 'कादाश्त्रु' हा मोजणीचा नकाशा. मात्रिझमधील नावावरून मालकीचे अनुमान केवळ करापुरतेच निघते. आपल्याकडील सात-बाराविषयीही न्यायालयांना हेच वारंवार सांगावे लागले आहे. मोजणीचे काम तर मुख्यत्वे दक्षिणेत झालेले होते.

ऑगस्ट २०१७ च्या कायद्याने दहा नगरपालिकांत सुलभ नोंदणीचा प्रयोग आरंभिला. २०१९ मध्ये तो मोजणी न झालेल्या इतर प्रदेशांस लागू झाला. मालकाने नगरपालिकेच्या कचेरीत तंत्रज्ञाशेजारी बसून हवाई छायाचित्रावर आपली सीमा दाखवावयाची, अशी ही पद्धत. शेजाऱ्यांच्या रेषा परस्परांवर चढल्यास समेटाची तरतूद आहे. ज्या दफ्तराशी शेतकऱ्याचा संबंध पिढ्यान्‌पिढ्या कराच्या निमित्तानेच आला, त्याकडे तो आपण होऊन वळणे कठीण. म्हणून कर आणि हक्क यांतील भेद समजावून देणारी ही कचेरी कायदेशिक्षणाचीही जागा ठरते.

नोंदणीने आग विझत नाही. २०२४ व २०२५ मध्येही तेथे मोठे वणवे लागले. तथापि मालक ठाऊक नसल्यास साफसफाईचा कायदा कागदावरच राहतो. ओढा, दगडी बांध, जुने झाड या खुणांनी सीमा ओळखणारी पिढी वृद्ध झाली आहे. तिच्या हयातीतच ही माहिती नकाशावर उतरली पाहिजे. त्यानंतर ती सांगणारे कोणी उरणार नाही.