मांजर दुखणं लपवतं, पण वागण्यातून सांगतंही. ते ओळखायचं कसं?

सकाळपासून घरातला बोका चौथ्यांदा लिटर बॉक्समध्ये जाऊन बसला. दोन मिनिटं जोर लावला, काहीच न करता बाहेर आला आणि मागचा भाग चाटत बसला. घरच्यांना वाटलं, पोट साफ होत नसेल. एक दिवस वाट बघू, नाहीतर उद्या डॉक्टरांकडे नेऊ.

अनेक बोक्यांचा जीव याच एका दिवसाच्या वाट बघण्यात जातो.

वरचं वागणं बद्धकोष्ठाचं वाटतं, पण बऱ्याचदा ते लघवी अडल्याचं लक्षण असतं. बोक्याची मूत्रनलिका लांब आणि अरुंद असते. खडे किंवा चिकट स्राव अडकला की लघवी तुंबते, रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि हृदय बंद पडू शकतं. साधारण २४ ते ४८ तासांत हे होऊ शकतं. वेळेत नेलं, तर नळी घालून अडथळा काढता येतो.

म्हणजे मांजर निरोगी ठेवायचं असेल, तर चांगलं खाणं आणि लस एवढ्यावर भागत नाही. त्याचं रोजचं वागणं माहीत असावं लागतं, कारण आजाराची पहिली खूण बहुतेक वेळा तिथेच दिसते.

मांजर दुखणं का लपवतं?

आपल्या घरातलं मांजर आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या रानमांजराचं वंशज आहे. सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेल्या मांजराचा सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचा सांगाडा सापडला आहे. शेती सुरू झाली, धान्य साठलं, उंदीर आले आणि उंदरांमागे मांजर आलं, असं संशोधक मानतात.

पण कुत्र्यासारखा कळपात राहणारा हा प्राणी नव्हता. रानमांजर एकट्याने शिकार करतं आणि मोठ्या प्राण्यांची शिकारही बनतं. अशा प्राण्याला लंगडणं, कण्हणं परवडत नाही. ती सवय घरात आल्यावरही गेलेली नाही. म्हणून दुखत असेल तेव्हा मांजर ओरडत नाही, पलंगाखाली जाऊन गप्प बसतं. आपल्याला वाटतं, आज शांत आहे.

शेपूट, कान, डोळे काय सांगतात?

मांजराची भाषा आवाजापेक्षा शरीराची जास्त असते. रोज दिसणाऱ्या काही खुणा अशा:

- शेपूट सरळ वर, टोक किंचित वाकलेलं: ओळखीच्या माणसाचं स्वागत.
- शेपूट जोरात इकडून तिकडे आपटणं: वैताग. कुत्र्याचं शेपूट हलवणं आणि हे, दोन्हींचे अर्थ वेगळे.
- कान मागे चपटे, अंग आक्रसलेलं, फिसकारणं: भीती. अशा वेळी उचलायला गेलात तर ओरखडा नक्की.
- पाठीवर लोळून पोट दाखवणं: तुमच्यावर विश्वास आहे. मात्र पोटाला हात लावा, असं ते आमंत्रण नव्हे.
- पायाला डोकं, गाल घासणं: गालातल्या ग्रंथींचा वास लावून ‘हे माझं’ अशी खूण करणं.

डोळ्यांचंही तसंच आहे. ब्रिटनमधल्या ससेक्स आणि पोर्ट्समथ विद्यापीठांच्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, माणसाने मांजराकडे पाहून सावकाश डोळे मिचकावले, तर मांजरंही तसाच प्रतिसाद देतात, असं दिसलं. अनोळखी माणसाने तसं केल्यावर ती त्याच्या हाताजवळ येण्याची शक्यताही वाढली. टक लावून बघणं मात्र मांजराला धमकीसारखं वाटतं.

हाक मारली तरी मांजर बघत नाही, अशी तक्रार असते. जपानमधल्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवून दिलं, की मांजरं स्वतःचं नाव इतर शब्दांपासून वेगळं ओळखतात. म्हणजे ऐकू आलेलं असतं, उठायचं की नाही हे ते ठरवतं.

आणि घुरघुर? मांजर खूश असताना घुरघुरतं हे खरं. पण जखमी असताना, पिल्लांना जन्म देताना, अगदी शेवटच्या घटकेलाही मांजरं घुरघुरतात. त्यामुळे ‘घुरघुरतंय म्हणजे बरं आहे’ हा निष्कर्ष धोक्याचा आहे.

चेहऱ्यावरून दुखणं कळतं का?

बऱ्याच अंशी, हो. कॅनडातल्या माँट्रियल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजण्याची पद्धत मांडली. तिचं नाव ‘फिलाइन ग्रिमेस स्केल’. त्यात पाच गोष्टी बघतात: कान बाहेरच्या बाजूला वळलेत का, डोळे अर्धवट मिटलेत का, तोंडाभोवतीचा भाग ताणलेला आहे का, मिशा ताठ झाल्यात का आणि डोकं खांद्यांच्या खाली गेलंय का.

घरच्यांना हे जमावं यासाठी एक साधा उपाय आहे. मांजर ठणठणीत असताना, निवांत बसलेलं असताना त्याचे दोन-तीन फोटो काढून ठेवा. शंका आली की तुलना करायला ते उपयोगी पडतात.

लिटर बॉक्स बाहेर घाण केली, म्हणजे सूड घेतला?

‘आम्ही गावाला गेलो म्हणून रागाने गादीवर मुतलं,’ असं सर्रास म्हटलं जातं. ते सूडबुद्धीने होत नाही. अशा वागण्याची कारणं साधारण तीन: लघवीचा आजार, ताण किंवा न आवडलेला लिटर बॉक्स. तपासायचा क्रमही हाच ठेवावा. आधी डॉक्टर, मग बाकीचं.

बॉक्सबाबत पशुवैद्य एक सोपा हिशेब सांगतात: जितकी मांजरं, त्यापेक्षा एक बॉक्स जास्त. छोट्या फ्लॅटमध्ये हे अवघड आहे, पण निदान बॉक्स मोठा असावा, खाण्याच्या ताटलीपासून लांब असावा आणि धडधडणाऱ्या वॉशिंग मशीनशेजारी नसावा. घाण दिवसातून एकदा तरी काढावी. त्यामुळे लघवीचे गोळे किती, केवढे, हेही आपोआप कळतं.

सोफा ओरबाडण्याबद्दल मारून उपयोग नाही. नखांचं जुनं आवरण काढणं, अंग ताणणं आणि वास सोडणं ही मांजराची गरज आहे. सोफ्याशेजारी सुतळी गुंडाळलेला उंच, न डगमगणारा खांब ठेवला की बहुतेक मांजरं तिकडे वळतात.

दूध-पोळीवर मांजर जगतं का?

मांजर डोळे मिटून दूध पितं, ही म्हण आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे, की दूध हेच त्याचं अन्न असं वाटतं. प्रत्यक्षात मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दुधातली साखर नीट पचत नाही. जुलाब होतात. आणि मांजराला गोड चव कळतच नाही. त्यासाठी लागणारा जनुक मांजर-कुळात निकामी झालेला आहे, हे २००५ मध्ये संशोधकांनी दाखवलं.

मांजर पूर्ण मांसाहारी प्राणी आहे. त्याला ‘टॉरीन’ हा घटक अन्नातूनच मिळावा लागतो आणि तो मांस-मासळीत असतो. तो कमी पडला तर दृष्टी जाते, हृदयाचे स्नायू कमकुवत होतात. १९८७ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी हृदयविकार आणि टॉरीन यांचा हा संबंध दाखवून दिल्यानंतर कंपन्यांनी मांजरांच्या खाद्यात टॉरीन वाढवलं. त्यामुळे घर शाकाहारी असलं, तरी मांजराला दूध-पोळी, वरण-भातावर ठेवणं म्हणजे त्याची उपासमार आहे. कुत्र्याचं खाद्यही त्याला पुरत नाही.

घरचं द्यायचं असेल तर मीठ-मसाला, कांदा-लसूण न घालता उकडलेलं चिकन किंवा मासे चालतात. उकडलेलं पाणी फेकू नका, टॉरीन त्यात उतरतं. शिजवलेली हाडं नकोत. खारवलेली सुकी मासळी रोजचं जेवण होऊ शकत नाही. फक्त घरच्या अन्नावर ठेवायचं असेल, तर आहार डॉक्टरांकडून ठरवून घ्यावा.

रानमांजर कोरड्या प्रदेशातलं, त्यामुळे घरच्या मांजरालाही तहान कमी लागते. फक्त कोरडे दाणे खाणाऱ्या मांजराच्या शरीरात पाणी कमी जाऊ शकतं. ओलं खाद्य मिसळावं, पाण्याची पसरट भांडी घरात दोन-तीन ठिकाणी ठेवावीत. उलट, मांजर अचानक खूप पाणी प्यायला लागलं तर मूत्रपिंडाचा आजार किंवा मधुमेह असू शकतो.

आणि एक महत्त्वाचं. ‘नाही खाल्लं तर भूक लागली की खाईल’ हे मांजराला लागू होत नाही. दोन-तीन दिवस उपाशी राहिलं, तर शरीरातली चरबी यकृतात साठून यकृत निकामी होऊ शकतं. लठ्ठ मांजरांना हा धोका जास्त.

घरातल्या कुठल्या वस्तू विषारी?

माणसासाठी साध्या असलेल्या अनेक गोष्टी मांजराचं यकृत पचवू शकत नाही.

- पॅरासिटामॉल: ताप वाटला म्हणून दिलेली अर्धी गोळीही जीव घेऊ शकते.
- कांदा, लसूण: तांबड्या रक्तपेशी फुटतात. शिजवलेल्या रश्श्यातलाही चालत नाही.
- लिलीची फुलं: पुष्पगुच्छातल्या लिलीचं पान, परागकण, फुलदाणीतलं पाणीसुद्धा मूत्रपिंड निकामी करू शकतं.
- कुत्र्यांचं गोचीड-पिसवांचं औषध: त्यात परमेथ्रिन असेल तर मांजराला झटके येतात.
- फिनेल आणि डांबराच्या गोळ्या: फिनेलने पुसलेल्या ओल्या फरशीवर चालून मांजर पंजे चाटतं आणि ते पोटात जातं.

यातलं काही पोटात गेल्याची शंका आली, तर मीठ-पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका. वेष्टन सोबत घेऊन थेट डॉक्टरांकडे जा.

लस आणि नसबंदी कधी?

पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचं झालं की पहिली लस देतात. ‘थ्री इन वन’ म्हणून ओळखली जाणारी ही लस पॅनल्युकोपेनिया आणि सर्दीसारखा त्रास देणाऱ्या दोन विषाणूंपासून संरक्षण देते. दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचं होईपर्यंत डोस घ्यावे लागतात. पॅनल्युकोपेनियात उलट्या-जुलाबांनी पिल्लं दोन-तीन दिवसांत जातात. विषाणू बुटांना चिकटून घरात येऊ शकतो, म्हणून बाहेर न जाणाऱ्या मांजरालाही लस हवी.

रेबीजची लस साधारण तीन महिन्यांनंतर देतात. मांजर चावलं किंवा ओरबाडून रक्त आलं, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवून लगेच दवाखाना गाठावा. हळद-चुना लावून थांबू नये. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस वाचणं जवळपास अशक्य असतं.

नसबंदीबद्दल ‘एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत’ असं म्हणतात. त्याला वैद्यकीय आधार नाही. भाटी चार-पाच महिन्यांची असतानाही गाभण राहू शकते आणि दोन महिन्यांत विते. लवकर नसबंदी केल्यास गर्भाशयातल्या पूचा आजार टळतो आणि स्तनांच्या कर्करोगाचा धोका बराच कमी होतो. बोक्याचं भटकणं, मारामाऱ्या, जागोजागी लघवीचे फवारे मारणंही घटतं. नसबंदीनंतर वजन वाढतं, तेवढं खाणं मोजून द्यावं.

घरात गर्भवती असेल तर मांजर सोडून देण्याची गरज नसते. टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीचा धोका विष्ठेतून असतो, पण विष्ठा पडल्यावर तो संसर्गजन्य व्हायला किमान एक दिवस लागतो. लिटर बॉक्स दुसऱ्या कुणी रोज साफ केला, तर धोका खूप कमी होतो. कच्चं मांस आणि न धुतलेल्या भाज्यांमधूनही हा परजीवी येतो, तिकडेही लक्ष हवं.

उंचावरून पडलं तरी मांजराला काही होत नाही?

हा समज न्यूयॉर्कमधल्या एका अभ्यासामुळे जास्त पसरला. इमारतींवरून पडून तिथल्या पशुरुग्णालयात आलेल्या १३२ मांजरांची ही नोंद १९८७ मध्ये प्रसिद्ध झाली. उपचार मिळालेल्यांपैकी सुमारे ९० टक्के वाचली. पण जी जागीच मेली, ती रुग्णालयात आलीच नाहीत. वाचलेल्यांनाही छातीला मार, जबड्याचं फ्रॅक्चर अशा दुखापती होत्या. कबुतरामागे झेप घेणाऱ्या मांजराला मजला कळत नाही. खिडक्या-बाल्कनीला जाळी हाच उपाय.

सकाळपर्यंत थांबू नये, असं कधी?

- बोका वारंवार जोर लावतोय आणि लघवी होत नाही.
- तोंड उघडं ठेवून धापा टाकतंय, किंवा झोपेत श्वास मिनिटाला सतत तीसच्या वर आहे.
- मागचे पाय अचानक लुळे पडलेत.
- पूर्ण दिवस काहीच खाल्लेलं नाही, किंवा उलट्या थांबत नाहीत.
- झटके येतायत, हिरड्या पांढऱ्या पडल्यात.

एरवी रोज दोन मिनिटं पुरतात. किती खाल्लं, लघवी किती, नेहमीच्या जागी उडी मारली का, अंग चाटून स्वच्छ केलं का. महिन्यातून एकदा मांजराला घेऊन वजनकाट्यावर उभं राहा आणि त्यातून स्वतःचं वजन वजा करा. कॅरिअर माळ्यावर टाकू नका, घरात उघडा ठेवा, म्हणजे आयत्या वेळी पळापळ होत नाही.

डॉक्टरांकडे गेल्यावर मांजर काही सांगणार नाही. ‘कधीपासून?’ या त्यांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर घरच्यांकडेच असावं लागतं.