पावसाळी छावणी आणि अर्धी टाकी

मराठी भक्तिकवितेतली नौका बहुधा चालतीच असते. ती भवसागर ओलांडून देते, पैलतीराला लावते. काम झाल्यावर तिचे काय होते, हा प्रश्न कवीला पडत नाही. या रूपकात सागर असला तरी ती नाव समुद्राची वाटत नाही, नदीवरच्या उतारूंची वाटते. ज्या गंगाखेडला जनाबाईंचे जन्मस्थान मानतात, ते आजच्या परभणी जिल्ह्यात गोदावरीच्या काठी आहे. तिथून कोणताही किनारा शेकडो किलोमीटर दूर. नदीला पाणी असते तेव्हा नाव लागते आणि उन्हाळ्यात पात्र आटले की माणसे पायी उतरून जातात. गोदाकाठच्या नावेचे रिकामे दिवस हे असे उन्हाळ्याचे.

कोकणात हे वर्ष उलटे होते. नदीची नाव ज्या पाण्यावर जगते, त्याच पावसाने समुद्राची नाव किनाऱ्यावर चढते. ‘मोसम’ हा शब्द आपल्याकडे अरबीतून आला, आणि त्याचा मूळ रोख पावसाकडे नसून ठरलेल्या काळाकडे आहे. पश्चिम किनाऱ्यावर पोर्तुगीज आले तेव्हा त्यांनी इथल्या पावसाळ्याला आपला ‘हिवाळा’ हाच शब्द लावला. थंडीचा मागमूस नसताना! पण युरोपात हिवाळ्यात जे होत असे तेच इथे जून ते ऑगस्ट होत होते : समुद्र खवळलेला, बंदरे बंद, गलबते आडोशाला. इंग्रज प्रवाशांनीही हा प्रयोग उचलला. १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात त्याची रीतसर नोंद आहे. तेव्हा पाश्चात्त्य नौकानयनात ‘हिवाळ्यासाठी नौका बंद करणे’ म्हणून जे शास्त्र आहे, त्याचे मराठी रूप शोधायचे तर ते पावसाळ्यात शोधावे लागते.

ते शोधायला फार लांब जायला नको. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या ‘आज्ञापत्रा’त आरमाराचे स्वतंत्र प्रकरण आहे. आंबा-फणस तोडू नयेत, रयतेच्या झाडांना हात लावू नये, हा त्यातला भाग पाठ्यपुस्तकांमुळे सर्वांना परिचित आहे. त्याच प्रकरणात पावसाळी छावणीचा विचार आहे, त्याकडे मात्र कमी लक्ष गेले. वारा सुटण्याच्या काही दिवस आधीच आरमार दर्यातून आत आणावे, उघड्या बंदरात न ठेवता बळकट दुर्गाच्या आश्रयाने ठेवावे, आणि दरवर्षी एकाच बंदरात छावणी करू नये, अशी ती शिकवण. शेवटच्या सूचनेमागचे कारण विलक्षण व्यवहारी आहे : रिकामे बसलेले आरमारी लोक कितीही दटावले तरी आसपासच्या गावांना उपद्रव देतातच. नौकेच्या विश्रांतीची किंमत किनाऱ्यावरचा माणूस मोजतो, हे अठराव्या शतकाच्या आरंभी एका मुत्सद्द्याने ओळखले होते.

शिडाच्या काळात नौकेचे शत्रू डोळ्यांना दिसत. लाकूड उकलते, फटी पडतात, दोर कुजतात, कीड लागते. म्हणून नाव ओढून घ्यायची, तळ खरवडायचा, माशाचे किंवा काजूच्या टरफलाचे तेल चोपडायचे, शीड उतरवून कोरड्या जागी ठेवायचे आणि वरून नारळाच्या झापांचे छप्पर घालायचे. याला कोकणात ‘शाकारणे’ म्हणतात. घर शाकारतात तशीच होडी शाकारायची. शब्द एकच, कारण काळजीही एकच. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण केला की छप्पर उतरे.

मग नौकेत इंजिन आले. रुडॉल्फ डीझेलचे इंजिन १८९७ साली जर्मनीत यशस्वी झाले. १९४६ साली पुण्याजवळ खडकीला किर्लोस्करांचा ऑइल इंजिनांचा कारखाना निघाला. स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत सहकारी संस्था आणि सरकारी कर्जे यांच्या आधाराने कोकणातल्या मच्छीमार नौका एकेक करून यांत्रिक झाल्या. या स्थित्यंतरावर लिहिणारे मासळीचे वाढलेले उत्पन्न, ट्रॉलरचे आक्रमण, पारंपरिक मच्छीमारांचे हाल यांविषयी लिहितात, आणि ते योग्यच आहे. पण विश्रांतीही बदलली. आता नौकेत असे काहीतरी आले होते की जे बंद लोखंडी टाकीत, कुणाच्या नजरेला न पडता नासते.

नासते कसे? टाकी अर्धी भरलेली आहे असे समजा. उरलेल्या अर्ध्या जागेत कोकणच्या आषाढातली दमट हवा आहे. रात्री पत्रा गार पडला की हवेतली वाफ आतल्या भिंतीवर थेंब होऊन बसते आणि ओघळून खाली जाते. पाणी डीझेलपेक्षा जड, म्हणून ते तळाशी साचते. असे रोज होत राहते. पाणी आणि डीझेल जिथे टेकतात त्या पातळ सीमेवर सूक्ष्म जीव वाढतात. हॉर्मोकोनिस रेझिनी नावाची बुरशी तर यासाठी प्रसिद्धच आहे. पाणी वर, अन्न खाली नव्हे, तर अन्न वर आणि पाणी खाली, अशी तिची उलटी शेती. तिची काळपट बुळबुळीत साय फिल्टर तुंबवते आणि तिच्या आम्लाने पत्रा खातो. त्यातून पाणी पुढे गेलेच तर इंधनपंपात जाते. तिथल्या घासणाऱ्या भागांमधली फट माणसाच्या केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्शाहूनही कमी असते आणि त्यांना वंगण असते ते डीझेलचेच. पाण्याचा थोडासा गंज तिथे पुरतो.

म्हणून टाकी एकतर काठोकाठ भरावी, म्हणजे ओल्या हवेला जागाच उरत नाही. किंवा पूर्ण रिकामी करून पुसून कोरडी ठेवावी. अर्धी टाकी सर्वांत वाईट. त्याआधी तळाच्या तोटीतून साचलेले पाणी काढायचे, फिल्टर बदलायचा, स्वच्छ डीझेलवर इंजिन थोडा वेळ चालवून नळ्यांत आणि पंपात तेच भरू द्यायचे, मग इंधनाचा कॉक बंद. युरोपातल्या हौशी नौकाधारकाला काठोकाठ टाकी हा सोपा सल्ला वाटतो. ज्याचा धंदा दोन महिने बंद राहणार आहे, त्याने त्या दोन महिन्यांच्या तोंडावर शेकडो लिटर डीझेलमध्ये पैसे अडकवायचे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. महाराष्ट्रात मच्छीमारांना डीझेलवरच्या विक्रीकराचा परतावा देण्याची योजना आहे. पण परतावा म्हणजे आधी भरा, मागाहून मिळवा. शास्त्र सांगते भरून ठेव, आणि खिसा सांगतो जेवढे आहे तेवढे राहू दे. अर्धी टाकी या दोहोंच्या मध्ये तयार होते.

बंदीचा काळही आता पंचांगाकडून सरकारकडे गेला आहे. १९८१च्या सागरी मासेमारी नियमन अधिनियमाखाली राज्यात पावसाळी बंदी लागू होते. पूर्वी ती १० जूनपासून १५ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा यांतले जे आधी येईल तोवर असे. पश्चिम किनाऱ्यासाठी १ जून ते ३१ जुलै ही ६१ दिवसांची एकसारखी मुदत ठरली ती २०१५च्या सुमारास. नारळी पौर्णिमा बहुधा त्यानंतरच येते.

पेट्रोलवर चालणाऱ्या लहान बाह्य इंजिनांची गोष्ट निराळी, आणि ती परभणीच्या शिवारापर्यंत येते. २०२५ साली देशातल्या पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर गेले. इथेनॉल पाणी शोषून घेते. प्रमाणाबाहेर शोषले की पेट्रोलपासून फुटून पाण्यासह तळाशी जाते. म्हणून अशा इंजिनाचा कार्ब्युरेटर रिकामा करून ठेवणेच बरे. या इथेनॉलचा काही भाग उसापासून येतो, आणि गोदाकाठी, जायकवाडीच्या कालव्यांखाली मराठवाड्याने ऊस भरपूर लावला आहे.

मराठीच्या अभ्यासकाला यात काय आहे? दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे खंड १९३२ ते १९३८ या काळात निघाले. त्यांत ‘नाविक’ असा निर्देश करून दिलेले शब्द चाळले की शिडाच्या नौकेचा दोरन् दोर नावानिशी भेटतो. कोश पूर्ण झाला आणि त्यानंतर कोकणच्या होड्यांत इंजिने बसली. त्यामुळे नंतरची सगळी भाषा त्याच्या बाहेर राहिली. इंजिनाने हवा धरली, हवा काढली, नोझल चोंदला, पंप बसला, डीझेलला पाणी लागले : ही क्रियापदे अस्सल मराठी आहेत आणि ती गॅरेजात घडली. रत्नागिरीचा खलाशी १ ऑगस्टच्या आधी नळीचा नट किंचित सैल करून, हाताने पंप मारीत, बुडबुडे संपेपर्यंत डीझेल वाहू देतो आणि म्हणतो, हवा काढतोय. विहिरीवर ऑइल इंजिन असण्याच्या दिवसांत पाथरी-सोनपेठचा शेतकरी पावसाळाभर झाकलेले इंजिन रब्बीच्या पाण्यासाठी उघडी, तेव्हा तोही हेच करी. समुद्र न पाहिलेल्या गावात आणि समुद्रावर जगणाऱ्या गावात एकच शब्दप्रयोग रुजला, तो कुणा कवीमुळे नव्हे, तर दोन्हीकडच्या टाकीत तेच पाणी साचत होते म्हणून.