उटनूरच्या डोंगरातील गाडीवाटा

उत्तरेला पैनगंगा आणि दक्षिणेला गोदावरी यांच्यामध्ये सातमाळा डोंगरांची रांग वायव्येकडून आग्नेयेकडे पसरली आहे. तेलंगणाच्या आदिलाबाद जिल्ह्यातील उटनूर या डोंगराळ पट्ट्यात वसले आहे. भोवती सागाचे आणि बांबूचे जंगल, मधून मधून सपाट पठारे आणि गावांना जोडणारे कच्चे रस्ते असा हा मुलूख आहे. कच्च्या रस्त्यांवरची लांब पल्ल्याची सायकल-सफर, म्हणजे ग्रॅव्हल सायकलिंग, गेल्या वीसेक वर्षांत जगभर स्वतंत्र क्रीडाप्रकार म्हणून रुजली. २०२२ मध्ये इटलीत तिची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. या सायकलींना हवी असते ती वर्दळ नसलेली, मुरमाची, चढउताराची वाट उटनूरच्या परिसरात पावलोपावली सापडते. मात्र ती सायकलीसाठी झालेली नाही. इथली प्रत्येक वाट कोणाच्या तरी गरजेपोटी पडली, आणि ती गरज गावाची होती की बाहेरच्याची, यावर इथल्या माणसांचे बरेवाईट ठरत गेले.

वाटांची पहिली आखणी जमिनीनेच केली. इथला खडक बेसाल्टचा. तो झिजून उतारांवर आणि माथ्यांवर मुरूम झाला, तर खोलगट भागात काळी माती साचली. काळ्या मातीचा पावसाळ्यातला चिखल चाकाला धरून बसतो. मुरमावरचे पाणी लवकर निचरते. म्हणून जुनी गाडीवाट शक्यतो माथ्यामाथ्याने जाते, उतार नाल्याच्या कडेने घेते आणि काळे रान कमीत कमी ठिकाणी ओलांडते. कडेम नदी आणि तिला मिळणारे नाले जिथे उथळ आहेत, तिथे उतारवाटा पडल्या. पाणी चढले की तेवढे दिवस गावे एकमेकांपासून तुटत.

या वाटांवर सर्वांत जुना ठसा गोंड समाजाचा आहे. चांद्याच्या गोंड राजांची सत्ता १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे गेली आणि पुढे हा डोंगरी भाग निजामाच्या राज्यात आला. पण डोंगरातल्या गावांचा कारभार गोंड पटेल आणि मोकाशी घराण्यांच्या हातात बराच काळ राहिला. गोंड कुळे चार, पाच, सहा आणि सात देवांच्या गटांत विभागलेली आहेत आणि लग्न आपल्या गटाबाहेरच करायचे असते. त्यामुळे एका गावाची सोयरीक अनेक दूरच्या गावांशी जुळते. लग्नाची वऱ्हाडे, मयताचे विधी आणि कुळदेवतेची पूजा यांसाठी बैलगाड्या डोंगर ओलांडून जात. गोंडांच्या कुळकथा गाणारे परधान किंगरी हे तंतुवाद्य घेऊन यजमानांच्या गावोगाव फिरत. या परधानांपैकी अनेकांची घरची भाषा मराठी. पितळेच्या मूर्ती आणि घंटा ओतणारे ओझा कारागीरही याच वाटांनी आपले काम पोचवत. उंच उतारांवर राहणाऱ्या कोलामांच्या गुड्यांपर्यंत, म्हणजे पाड्यांपर्यंत, मात्र गाडी जात नसे. तिथे पायवाट असे.

सण आणि जत्रांनी या वाटा जिवंत ठेवल्या. कोजागरीनंतर दिवाळीपर्यंत दंडारी नाचाचे मेळे मोरपिसांचे मुकुट घातलेल्या गुसाडींसह एका गावाहून दुसऱ्या गावी पाहुणे म्हणून जातात. यजमान गाव त्यांना जेवू घालते आणि पुढे परतभेट होते. पौष अमावास्येला इंद्रवेल्लीजवळच्या केसलापुरात नागोबाची जत्रा भरते. तिचे यजमान मेश्राम कुळ, आणि तिची सुरुवात वाटेवरच होते. आधी छकड्यातून गावोगाव जत्रेची खबर दिली जाते आणि पूजेची मडकी सिरिकोंड्याच्या कुंभारांकडे सांगितली जातात. मग मेश्राम मंडळी पांढऱ्या वेशात, अनवाणी, एका ओळीत गोदावरीकाठच्या हस्तिनमडुगूपर्यंत चालत जातात आणि पितळी झारीत पाणी घेऊन परततात. वाटेतले मुक्काम ठरलेले असतात. परतल्यावर केसलापुरातल्या वडांखाली बैलगाड्यांचा तळ पडतो. अमावास्येच्या रात्री महापूजा होते आणि कुळात आलेल्या नव्या सुनांची देवाशी भेट घडवली जाते. हा विधी ‘भेटिंग’ म्हणून ओळखला जातो. याच पौष महिन्यात केरामेरीच्या डोंगरात जंगूबाईची यात्रा असते आणि तिला महाराष्ट्रातूनही भाविक येतात. या वाटांच्या डागडुजीला कधी सरकारी खाते लागले नाही. जाणाऱ्यांनीच दगड बाजूला केले आणि नाल्याचे उतार सावरले.

दख्खनमध्ये धान्य आणि मीठ बैलांच्या पाठीवर लादून नेणारे लमाण हे बाहेरचे, पण वाटेवरच संसार मांडणारे लोक. त्यांच्या तांड्यांनी पाणी आणि चारा पाहून पडाव टाकले. गाडीरस्ते आणि रेल्वे आल्यावर त्यांचा वाहतुकीचा धंदा बसला आणि अनेक तांडे शेतीकडे वळले. काजीपेठ-बल्लारशा लोहमार्ग १९२९ मध्ये पुरा झाला आणि डोंगराच्या पूर्वेकडून मद्रास-दिल्ली रेल्वे धावू लागली. पश्चिमेला नागपूर-हैदराबाद सडक होतीच. या दोन्ही मार्गांच्या लगतची सुपीक जमीन बाहेरून आलेल्या शेतकऱ्यांनी आणि सावकारांनी घेतली. निरक्षर गोंडांकडे पट्टे नव्हते, त्यामुळे त्यांना हटवणे सोपे गेले. ते मागे सरकत डोंगरात गेले आणि उटनूर हे त्यांचे शेवटचे मोठे आश्रयस्थान उरले.

त्याच सुमारास जंगलाच्या बाजूनेही फास आवळला. निजाम सरकारने राखीव जंगलांच्या हद्दी आखल्या. पडीक ठेवलेली शेते आणि काही ठिकाणी वसलेली गावेही त्या हद्दींत गेली. सागाचे कूप तोडून लाकूड खाली आणण्यासाठी वनखात्याने आणि ठेकेदारांनी गाडीरस्ते काढले. सिरपूर पेपर मिल उभी राहिल्यावर बांबूची वाहतूकही वाढली. आज जंगलातून सरळ, रुंद आणि एकसारख्या चढाच्या ज्या मुरमी वाटा दिसतात, त्यांपैकी अनेक या काळातल्या आहेत. दौऱ्यावरच्या अंमलदारांचे सामान वाहणे, त्यांच्यासाठी गाड्या जुंपणे अशी वेठ गावकऱ्यांना करावी लागे. आपल्याच रानातल्या रस्त्यावर ते बिनमोल मजूर ठरले.

या अन्यायाविरुद्ध गोंड नेता कुमरम भीम उभा राहिला. बाबेझरी आणि जोडेघाट परिसरातल्या बारा गावांच्या जमिनींवरचा हक्क त्याने मागितला. १९४० मध्ये जोडेघाटच्या डोंगरात निजामाच्या पोलिसांनी त्याला आणि त्याच्या साथीदारांना गोळ्या घालून मारले. उठावाची कारणे समजून घेण्यासाठी सरकारने व्हिएन्नात जन्मलेले मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांची मदत घेतली. पत्नी बेटी यांच्यासह ते जैनूरजवळच्या मारलवाई या गोंड गावात राहिले आणि गाडीवाटांनीच त्यांनी हा मुलूख पिंजून काढला. १९४३ मध्ये मारलवाईत गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. तिथली गोंडी वाचनपुस्तके देवनागरीत होती, कारण त्या भागात मराठी ही परिचयाची संपर्कभाषा होती. हैदराबादच्या सनदी सेवेतले मराठी इतिहासकार सेतुमाधवराव पगडी यांनीही आदिलाबादमध्ये आदिवासींसाठी काम केले. ते गोंडी शिकले आणि या समाजावर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले. याच दशकात हजारो आदिवासी कुटुंबांना जमिनीचे पट्टे मिळाले आणि केसलापूरच्या जत्रेत अधिकाऱ्यांनी गाऱ्हाणी ऐकण्याचा दरबार सुरू झाला. सरकार गावाच्या वाटेने गावाच्या जागी आले, तेव्हा काय साधते याचा तो दाखला आहे. बेटी १९८७ मध्ये वारल्या. त्यांची समाधी मारलवाईत आहे आणि पुढे हायमेनडॉर्फ यांचे अवशेषही तिथेच ठेवले गेले.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट आणि राजुरा हे भाग आदिलाबादपासून निघून तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले. उटनूर तेव्हाच्या आंध्र प्रदेशात गेले. सोयरीक आणि जत्रा दोन्ही बाजूंना, पण मधून सीमा गेली. केरामेरी आणि जिवती यांच्यामधल्या १४ गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगणा ही दोन्ही राज्ये हक्क सांगतात आणि तिथले लोक दोन्हीकडे मतदान करत आले आहेत. उटनूर, नारनूर, इंद्रवेल्ली या भागात गोंडी, तेलुगू आणि लमाणी यांच्याबरोबर मराठी आजही बोलली जाते.

स्वातंत्र्यानंतर पक्के रस्ते आले. गुडीहत्नूरहून इंद्रवेल्ली, उटनूर आणि जन्नारममार्गे गोदावरीच्या खोऱ्यात उतरणारा रस्ता, तसेच जैनूरहून केरामेरी घाटाने आसिफाबादला जाणारा रस्ता, हे डोंगराचे दोन मुख्य दरवाजे झाले. या रस्त्यांनी दवाखाना, शाळा आणि कापसाचा बाजार जवळ आणला. त्यांनीच व्यापारी आणि जमीन शोधणारे नवे वसाहतकरी आत आणले. आदिवासींची जमीन इतरांकडे जाऊ नये म्हणून १९५९ चा कायदा होता आणि १९७० मध्ये तो कडक झाला, तरी हस्तांतर थांबले नाही. २० एप्रिल १९८१ रोजी, सोमवारी, इंद्रवेल्लीच्या आठवडी बाजाराच्या दिवशी जमिनीच्या मागण्यांसाठी जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा १३ मृत्यूंचा आहे. इतरांच्या मते मृतांची संख्या कितीतरी अधिक होती. तिथला हुतात्मा स्तंभ आज मुख्य रस्त्याच्या परिसरातच उभा आहे.

२०१२ मध्ये कवाल अभयारण्याला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला आणि २०१६ मध्ये जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले. त्यामुळे एकाच जाळ्यातल्या वाटा आता आदिलाबाद, कुमरम भीम आसिफाबाद, मंचेरियल आणि निर्मल या जिल्ह्यांत विभागल्या आहेत. मोठी गावे डांबरी रस्त्यांनी जोडली गेली. राखीव जंगलातले आणि लहान गुड्यांकडे जाणारे रस्ते मुरमाचेच राहिले.

सायकलस्वाराला या वाटा त्यांच्या उगमावरून ओळखता येतात. इंद्रवेल्ली-केसलापूर भागातल्या पठारी गाडीवाटा सौम्य चढाच्या आणि गावातून गावात जाणाऱ्या आहेत. जैनूर, मारलवाई आणि जोडेघाटकडचा भाग घाटांचा, वळणांचा आणि दमछाक करणारा आहे. जन्नारमच्या बाजूचे वनखात्याचे रस्ते लांब आणि सरळ आहेत, पण व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रात परवानगीशिवाय जाता येत नाही. हिवाळा हा फिरण्याचा उत्तम काळ. पावसाळ्यात काळी माती आणि नाले आजही वाट अडवतात. पौषात मात्र अनवाणी चालणाऱ्या मेश्रामांच्या ओळीला वाट मोकळी करून देणे, देवस्थानाजवळ उतरून चालणे आणि गावात शिरताना पटेलांची परवानगी घेणे हे इथल्या रीतीला धरून आहे.

या वाटांच्या इतिहासातला ताजा टप्पा कायद्याचा आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार गावाच्या सोयीसाठी जंगलातून रस्ता काढायचा असेल, तर त्यासाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते, हेक्टरी ७५ पेक्षा अधिक झाडे तोडता येत नाहीत आणि ग्रामसभेची शिफारस असावी लागते. लाकूड, बांबू आणि जमीन यांसाठी बाहेरून रस्ते येत राहिले तेव्हा इथल्या गावांना कोणी विचारले नव्हते. आता गावाच्या सोयीच्या अशा रस्त्यापुरते तरी गावाचे म्हणणे आधी घेण्याचे बंधन आहे. पुढच्या वाटा कोणाच्या उपयोगी पडतील, हे त्या तरतुदीचा वापर उटनूरच्या ग्रामसभा किती ठामपणे करतात यावर अवलंबून राहील.