संगणकाची देवडी

लिनक्स वापरणाऱ्या आमच्या वयाच्या लोकांची एक नेहमीची तक्रार असते. आत गेल्यावर अक्षरं मोठी करून घेतली, डोळ्यांना सोसेल अशी थीम निवडली. पण लॉगिनचा पडदा मात्र तसाच, बारीक अक्षरं आणि करड्यावर करडं! घर रंगवलं, मग दारच कसं राहिलं? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर शोधायला थोडं मागे जावं लागतं.

१९६१ साली अमेरिकेत एमआयटी या संस्थेत फर्नांडो कोर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीटीएसएस ही प्रणाली चालवून दाखवली. अवाढव्य यंत्र एक आणि वापरणारे अनेक. प्रत्येकाच्या फायली वेगळ्या ठेवायच्या तर "आपण कोण?" हे विचारणं आलं. त्यातून पासवर्ड आला. तिथे लॉगिन केलं की त्या दिवसाची सूचना समोर येई. १९६६ मध्ये मोठा घोटाळा झाला. एक व्यवस्थापक ती सूचना दुरुस्त करत होता आणि त्याच वेळी दुसरा पासवर्डांची यादी. दोघांच्या तात्पुरत्या फायलींना एकच नाव मिळालं, मजकुरांची अदलाबदल झाली आणि जो येईल त्याच्यासमोर सगळ्यांचे पासवर्ड! दारावर काय दिसावं आणि आत काय राहावं, याची सरमिसळ किती महागात पडते ते तेव्हाच कळलं.

पुढे दार सजू लागलं. १९८८ मध्ये कीथ पॅकार्ड यांनी लिहिलेला एक्सडीएम आला आणि युनिक्सच्या जगात लॉगिनला चित्रमय चौकट मिळाली. २००१ च्या विंडोज एक्सपीमध्ये तर निळ्या पार्श्वभूमीवर नावं आणि चित्रंच दिसू लागली. २०१० मध्ये रॉबर्ट अँसेल यांनी लाइटडीएम पुढे आणला आणि २०११ च्या उबुंटू ११.१० ने तो स्वीकारला. त्यात पहारा करणारा कार्यक्रम निराळा आणि स्वागताचा पडदा दाखवणारा 'ग्रीटर' निराळा.

खरी गोम इथेच आहे. वाड्याच्या देवडीवरच्या माणसाला माजघरातलं दिसत नाही, तसंच या ग्रीटरचं. तो स्वतःच्या मर्यादित खात्यावर चालतो. पासवर्ड देईपर्यंत तुम्ही कोण हे त्याला ठाऊक नसतं, मग तुमची आवड कुठून कळणार? थीम किंवा चित्र तुमच्या खासगी फोल्डरमध्ये असेल तर ते त्याला सापडत नाही आणि तो आपला मूळचाच पोशाख चढवतो.

दुसरं कारण २०१६ मधलं. जीटीके ३.२० मध्ये थीमच्या नियमांतली नावं बदलली. आधी बटणाला 'जीटीकेबटन' म्हणत, ते नुसतं 'बटन' झालं. जुन्या थीम्स जुन्याच नावाने हाका मारत राहिल्या आणि बटणांनी ओ दिली नाही!

उपाय सोपा आहे, मात्र त्याला रूटचा अधिकार लागतो. थीम आणि चित्र सर्वांसाठीच्या सामाईक फोल्डरमध्ये ठेवायचं. मग ग्रीटरच्या स्वतःच्या सेटिंगच्या फायलीत थीमचं नाव, फॉन्ट आणि अक्षरांचा आकार लिहायचा. थीम आपल्या जीटीकेच्या आवृत्तीसाठी लिहिलेली आहे ना, तेवढं आधी पाहावं.

कुणी म्हणेल, एवढ्याशा पडद्यासाठी हा खटाटोप कशाला? अहो, ज्याला ती चौकट दिसत नाही तो नातवाला हाक मारतो आणि पासवर्ड मोठ्याने सांगतो. म्हणजे साठ वर्षांची सगळी राखण उंबऱ्यावरच संपली! घरात एखादं वडीलधारं माणूस संगणक वापरत असेल, तर या सुट्टीत त्याच्या लॉगिनची अक्षरं तेवढी मोठी करून द्या. आपलं कुलूप आपल्या हाताने उघडता यावं, एवढीच अपेक्षा असते.

असो.